कधीपासून दुखतंय?

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. लिहिण्याची हौस मला कधीच नव्हती. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, मागे चाळीस पोरं आणि पुढे कांगारू, तेव्हा फक्त डिझेल किती भरलं तेवढं लिहायचे. पण माझी मैत्रीण कोरल म्हणाली, "रेलीन, भांडायचंच असेल तर तारखेनिशी भांड. कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेव." म्हणून आमच्या बोल्स क्लबच्या कपाटात पडलेली ही गुलाबी वही उचलून आणली. मागच्या नाताळात कुणीतरी लॉटरीत जिंकून मुद्दाम विसरून गेलं होतं. बघितलं की कळतं का ते.

तर भांडण असं. सहा मार्चला माझा उजवा खुबा बदलायचा होता. बॅलरॅटचा सर्जन ठरला, खासगी हॉस्पिटलातली खोली ठरली, माझ्या मागे क्लबची हिरवळ कोण कापणार तेही ठरलं. आणि आज विमा कंपनीचं पत्र: आम्ही पैसे देणार नाही. का, तर दुखणं जुनं आहे. मी एक सप्टेंबरला जुनी ब्रॉन्झ सोडून वरची गोल्ड पॉलिसी घेतली, त्याच्या आधीपासूनचं. जुन्या दुखण्याला बारा महिने थांबावं लागतं, माझे पाचच झालेत. सप्टेंबरात या!

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं एकही हप्ता चुकवला नाही मी. माझा नवरा केल गेला त्या आठवड्यातसुद्धा भरला. आणि वेळ आल्यावर तोंडाला पानं पुसतात.

दुखणं जुनं नाहीच मुळी. तीन डिसेंबरला सकाळी मी ओल्या हिरवळीवर घसरले, कोरलच्या डोळ्यांदेखत, आणि तेव्हापासून खुबा गेला. त्याआधी मी ठणठणीत होते. जिने टाळायचे, ते कंटाळा म्हणून. आणि पॅन्ट धरून पाय हाताने गाडीत घ्यायचे, ते गाडी उंच आहे म्हणून. सगळेच घेतात.

पत्रात एक तारीख आहे, चौदा जुलै. त्या दिवशी डॉक्टर शिवनेसननी मला एक दाखला दिला होता. तो कंपनीने शोधून काढलाय. त्या दाखल्याची गोष्ट वेगळीच आहे, पण आता फार संताप झालाय. उद्या लिहीन.

१० फेब्रुवारी

दाखल्याची गोष्ट.

आमच्या लॉन बोल्समध्ये, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळात, गोळा टाकताना गुडघ्यात वाकावं लागतं. ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी चिमटा मिळतो. कमरेएवढी काठी, खाली पंजा. त्यात गोळा धरायचा आणि ताठ उभं राहून सोडायचा. पण चिमटा हातात घ्यायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तो कमिटीपुढे वाचून दाखवतात. वॅलरू फ्लॅट या आमच्या गावात चिमटा घेणं म्हणजे गावाला सांगणं की आता मी संपले. माणसं खेळ सोडतात, पण चिमटा घेत नाहीत.

मागच्या जूनमध्ये कोरलचे गुडघे धरायला लागले. कोरल वेब म्हणजे आमच्या चौघींची कप्तान, चाळीस वर्षांची माझी मैत्रीण, आणि हट्टाला म्हणाल तर खेचरसुद्धा तिच्याकडे शिकवणीला येईल. म्हणाली, "मी चिमटा घेणार नाही. त्यापेक्षा घरी बसून विणकाम करीन." कोरल आणि विणकाम! मग मीच ठरवलं, आधी मी घ्यायचा. मी घेतला की तिला लाज वाटणार नाही. डॉक्टरकडे गेले, लंगडण्याचं नाटक केलं, दाखला आणला. पुढच्याच आठवड्यात कोरलनेही आणला. तेव्हापासून आम्ही दोघी चिमट्याने खेळतो आणि चिडवणाऱ्यांना हरवतो.

करायला गेले काय आणि झालं काय. मैत्रिणीसाठी एक थाप मारली, आणि तीच आज माझ्या खुब्यात अडकली.

कंपनीला फोन केला. पस्तीस मिनिटं संगीत. मग टेगन नावाची मुलगी, आवाज गोड.

"एकतीस वर्षं मोजत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"मोजतो ना, रेलीन. जुन्या ब्रॉन्झ पॉलिसीत जे जे होतं, त्यासाठी तुम्हाला एक दिवसही थांबावं लागणार नाही. फक्त खुबा त्यात नव्हता."

"नव्हता म्हणजे? जन्मापासून आहे माझ्याकडे!"

हसली. चांगली असावी, पण मी हसणार नव्हते. मग तिने समजावलं. गोल्डमध्ये जे नव्याने मिळतं त्यासाठी, दुखणं नवं असेल तर दोनच महिने थांबायचं. जुनं असेल तर बारा. आणि जुनं म्हणजे, पॉलिसी घेण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत त्याची काहीही लक्षणं होती का. दुखण्याचं नाव माहीत असायची गरज नाही. ठरवणार त्यांचा डॉक्टर, कागद बघून.

"माझा खुबा न बघता?"

"तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं बघून. तुम्हीच सांगा ना, रेलीन, कधीपासून दुखतंय?"

"तीन डिसेंबर," मी म्हटलं. "सकाळी सव्वासात."

१३ फेब्रुवारी

डॉक्टर शिवनेसन वीस वर्षं या गावात आहेत. केलचे शेवटचे महिने त्यांनीच सांभाळले, रविवारीसुद्धा घरी यायचे. म्हणून वाटलं होतं, माणूस आपला आहे. कसला आपला!

"डॉक्टर, कंपनीला लिहा की जुलैत मला काही नव्हतं. मी नाटक करत होते."

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"मग झालं तर!"

"तुम्ही डाव्या पायाने लंगडत आलात. फार वाईट लंगडत होतात, बघवत नव्हतं. मी तपासलं तेव्हा डावा उत्तम होता. उजवा खुबा फिरत नव्हता."

मी म्हटलं, उजव्याला हात लावू नका असं मी सांगितलं होतं.

"म्हणूनच लावला," म्हणाले. "एक्स-रे लिहून दिला होता. गेलात?"

"हिरवळ कोण कापणार होतं?"

चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, मी जे बघितलं ते लिहिलं, आता खोडणार नाही. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत नाव घालतो, पण तिथेही वर्षभर तरी लागेल. आणि वर मलाच विचारतात, "रेलीन, सप्टेंबरमध्ये गोल्ड पॉलिसी का घेतलीत?"

का म्हणजे? वसंतात माणूस घर झाडतो, कपाटं आवरतो, तशी पॉलिसी आवरली. खुशी माझी. मी उठून आले. उठताना जरा वेळ लागला, त्यांच्या खुर्च्या फार खोल आहेत.

१७ फेब्रुवारी

आज मॅच होती, जिंकलो. एकोणचाळीस डिग्री ऊन. चहाला करी घातलेल्या अंड्याची सँडविचेस, लॅमिंग्टन केक आणि समोरच्या टीमच्या बायकांची कुजबुज: "चिमटेवाल्यांनी हरवलं गं!" उपान्त्य फेरीत पोचलो.

मी कोरलला सांगितलं, आता मी लोकपालाकडे जाणार. विम्याच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेला माणूस असतो, तो कंपनीला जाब विचारू शकतो. कोरल म्हणाली, "जा. दणका दे." दिवसभर जरा गप्पच होती मात्र. ऊन लागलं असेल.

साडेसहा महिने! अजून साडेसहा महिने या खुब्याने काढायचे? बूट घालताना शेजारीण ऐकते म्हणे माझा आवाज. काल मोजे न घालताच हिरवळ कापली. मी पाणी दिलेली हिरवळ आहे ती, केलच्या हातची, आणि कमिटीतले दोघे आत्तापासून हिरवळीच्या जागी टाकायच्या प्लास्टिकच्या गालिच्याची माहितीपत्रकं वाटत फिरतायत. मी सप्टेंबरपर्यंत घरी बसले तर ते गालिचा टाकून मोकळे होतील. मी बसणार नाही. जाऊ दे कंपनी खड्ड्यात.

१८ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. सात वेळा. शेवटचं इथे उतरवून ठेवते:

"महोदय, चौदा जुलैचा दाखला खोटा होता आणि तो मी लबाडीने मिळवला. माझी मैत्रीण कोरल वेब हिचे गुडघे दुखत होते आणि तिला चिमटा घ्यायची लाज वाटत होती. तिची लाज घालवण्यासाठी मी आधी घेतला. माझा खुबा तेव्हा ठणठणीत होता. याला स्वतः कोरल वेब साक्षीदार आहे."

खाली तिची सही हवी. तिची लाज चारचौघांत येणार, हे खरं. पण चारचौघांत म्हणजे मेलबर्नच्या कुठल्याशा ऑफिसात. समजून घेईल.

१९ फेब्रुवारी

नाही घेतलं.

तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने पत्र वाचलं. मला वाटलं लाजेने लाल झाली. ती रागाने झाली होती.

"माझे गुडघे?" म्हणाली. "माझे गुडघे?"

"अगं जूनमध्ये तूच तर..."

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, रेलीन हॉकिंग! हे बघ!" आणि अडुसष्ट वर्षांची बाई माझ्यासमोर फरशीवर उकिडवी बसली आणि कशालाही न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. "तुझ्यासाठी केलं ते मी! ईस्टरपासून बघत होते तुला. गोळा टाकलास की तोंड पांढरं पडायचं. चिमटा घे म्हटलं असतं तर माझ्याच डोक्यात घातला असतास. म्हणून म्हटलं, आधी आपले गुडघे धरू या. ही मूर्ख आपल्या काळजीने तरी घेईल."

मग बोलले ते नको ते बोलले. म्हटलं, चाळीस वर्षांची मैत्री आणि माझ्यावर दया करतेस? ती म्हणाली, आणि तू काय करत होतीस माझ्यावर? मी म्हटलं, ते वेगळं. ती म्हणाली, "कसं वेगळं?"

मी पत्र उचललं आणि आले. ईस्टरपासून म्हणे! तिला काय कळतंय. डॉक्टर तपासून सांगतो, ही लांबून बघून सांगते. सगळ्या गावाने मिळून माझा खुबा वाटून घेतलाय.

२४ फेब्रुवारी

पाच दिवस अबोला, आणि आज उपान्त्य सामना.

कप्तान टोकाला उभी असते आणि तिसऱ्या नंबरचीने तिला खेळ सांगायचा असतो. तिसरी मी. म्हणजे आम्ही दोघी बोललो नाही तर खेळच होत नाही. मर्ल, आमची दुसरी, बिचारी टपालवाल्यासारखी मधे फिरत होती. "कोरल म्हणते लांब टाक." "तिला सांग, मला दिसतंय." "रेलीन म्हणते, दिसतंय." "तिला सांग, दिसतं तर टाक ना."

अठराव्या फेरीला मी वळले आणि खुबा जागेवरच अडला. ना पुढे, ना मागे. चिमटा टेकवून उभी राहिले. कुणी पुढे यायच्या आत कोरल पूर्ण हिरवळ ओलांडून आली, खेळ चालू असताना, जे नियमात बसत नाही. माझ्या कोपराला धरलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "कुठेय ते पत्र? सही करते. डिसेंबर लिही, दाखला खोटा लिही, माझे गुडघे मोडके लिही. काहीही लिही. ऑपरेशन करून घे बाई, मला बघवत नाही."

आम्ही हरलो. मर्ल म्हणाली बरं झालं, फायनलला तिची जीभच गळून पडली असती.

२६ फेब्रुवारी

दोन दिवस पत्र टेबलावर. कोरलची सही आहे, खाली तारीखसुद्धा घातलीय तिने, सुंदर अक्षरात. तिच्या आयुष्यातली पहिली खोटी सही असावी. चर्चच्या जत्रेत भोपळ्याचं वजनसुद्धा ही बाई अर्ध्या पौंडाने फुगवून सांगत नाही.

पाठवलं तर बहुतेक काम होईल. न पाठवलं तर एक सप्टेंबरपर्यंत हा खुबा, हे मोजे, ही गाडी.

साडेदहाला मी पत्र चुलीत घातलं. उन्हाळ्यात चूल पेटवायची म्हणजे घराची भट्टी झाली, पण फाडून टाकलं असतं तर मी तुकडे जोडले असते, मला मी माहीत आहे. मग कंपनीला फोन. नशिबाने टेगनच.

"तक्रार मागे घेते," म्हटलं. "लिहून घे. ईस्टरपासून दुखत होतं."

मग म्हणाली, "रेलीन, तुम्ही मला हे सांगायलाच हवं असं नाही."

"मला माहितेय. तुमच्या कंपनीसाठी सांगत नाहीये मी. तुमची कंपनी अजूनही लबाडच आहे माझ्या मते. पत्र इतकं आडवळणाने लिहितात की कुऱ्हाडीने फोडावं लागतं. तू त्या दिवशी जसं सोपं सांगितलंस, दोन आणि बारा, तसं सप्टेंबरातच सांगितलं असतं तर माझे हे अडीच आठवडे डोकं फोडण्यात गेले नसते. हेही लिहून घे. वरच्या साहेबाला वाचून दाखव."

"लिहिते," म्हणाली. खरंच लिहिलं, टाइप केल्याचा आवाज आला. एक सप्टेंबर उजाडला की तुम्हाला कोणी अडवणार नाही, असंही म्हणाली. तोवर ब्रॉन्झवर परत जाऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

१४ एप्रिल

कमिटीची वार्षिक बैठक. गालिच्याचा विषय निघाला. मी काठी टेकत उभी राहिले आणि म्हटलं, "माझा खुबा गेलाय. सप्टेंबरात नवा बसतोय. तोवर मशीन मर्ल चालवेल आणि मी खुर्चीत बसून तिच्यावर ओरडेन. गालिचा हवा असेल त्याने आत्ता माझ्यासमोर हात वर करावा."

कुणी केला नाही.

मग म्हटलं, "आणि विमा वरच्या पायरीला न्यायचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी आज न्या, बारा महिने लागतात. कुणाचं काही दुखतंय का?" पस्तीस माणसं, सरासरी वय सत्तर. एकाचंही काही दुखत नव्हतं. चहाच्या वेळी मात्र सात जणांनी एकेकटं गाठून विचारलं, बारा म्हणजे नक्की कधीपासून मोजतात गं?

२ जुलै

थंडी. हाडात काचा. कोरल रोज सकाळी येते आणि माझे मोजे घालते. पहिल्या दिवशी मी लाथ मारेन म्हटलं. म्हणाली, "मार ना, उचल पाय." ती शिव्या देत घालते, मी शिव्या देत घालून घेते. मी काही रडत बसणार नाही. दोन महिने राहिले.

३ सप्टेंबर

बॅलरॅट. हॉस्पिटलचा मागे उघडा गाऊन घालून बसलेय, अकरा वाजता आत नेणार. सकाळपासून काही खाऊ दिलं नाही, म्हणून वही.

प्रवेशाचा फॉर्म नऊ पानी होता. माझा चष्मा बॅगेत तळाला, म्हणून कोरल भरत होती, मी सांगत होते. नाव, वय, ॲलर्जी. चौथ्या पानावर तोच प्रश्न: लक्षणं कधीपासून? कोरलने मला न विचारताच लिहायला घेतलं, "गेल्या वर्षीच्या ईस्टर..."

"थांब," मी म्हटलं. "खोड ते. त्याच्या आधीचा नोव्हेंबर लिही."

तिने फॉर्म मांडीवर ठेवला.

मग सांगितलं. केलला आंघोळीच्या खुर्चीत उचलून ठेवायचे, तेव्हा एक दिवस खुब्यात काहीतरी सरकलं. नर्स म्हणाली होती एकटीने उचलू नका. पण केलला परक्या हाताने उचललेलं आवडायचं नाही. पुढे जानेवारीपर्यंत रोज उचललं त्याला. तो दुखण्याने ओरडायचा गं, कोरल. त्याच्यासमोर मी कुठे कंबर धरून बसू? मग तो गेला, आणि तेव्हा सांगायचं कुणाला? या वहीतसुद्धा नाही लिहिलं. लिहिलं तर आता मला रागावणारं घरात कुणी नाही, हेही लिहावं लागलं असतं.

कोरलने ईस्टर खोडलं, नोव्हेंबर लिहिलं. पेनचं टोपण लावलं. बोटांवर मोजत राहिली, पुन्हा मोजलं.

"बावीस महिने," म्हणाली. "कंपनीने तुला बाराच थांबवलं, रेलीन. दहा तू पदरचे घातलेस."

तिचे डोळे भरले होते, माझेही. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत होता.

"झालं मोजून?" मी म्हटलं. "मग पाचवं पान घे. आणि तिथे लिही, डावा गुडघापण दुखतो."